जुनी फियाट आणि घाटाची परीक्षा

कारखान्याच्या निरीक्षण विभागात ज्याच्या नोकरीची सारी वर्षे गेली, त्याच्या मनात 'काम पूर्ण झाले' या वाक्याविषयी एक कायमचा संशय घर करून राहतो. यंत्रावरून उतरलेला भाग डोळ्यांना निर्दोष दिसतो, बोटांना गुळगुळीत लागतो, कारागीर तो अभिमानाने पुढे ठेवतो. तरीही मायक्रोमीटरमध्ये धरून ड्रॉइंगवरच्या मापाशी त्याचा ताळा जमल्याखेरीज त्याच्यावर स्वीकृतीचा शिक्का मारावयाचा नाही, ही शिस्त सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी शिकलो आणि पुढे शिकवलीही. सेवानिवृत्तीनंतर एका जुन्या स्नेह्याने आपल्या वडिलांची १९६७ सालची फियाट मोटार पुन्हा चालती करून ती नाशिकहून ग्वाल्हेरपर्यंत नेण्याचा संकल्प माझ्यापुढे मांडला, तेव्हा हीच शिस्त एका संपूर्ण वाहनाला, आणि पर्यायाने त्यात बसणाऱ्या माणसांच्या जिवाला, लावण्याचा प्रसंग आला. त्या कामात जे पाहिले, जे समजले आणि ज्याविषयी माझी खात्री पटली, त्याची ही नोंद.

ही मोटार फियाट ११०० डी. तिच्या काळी लोक तिला 'डिलाइट' या नावाने ओळखत. आराखडा इटलीचा, पण घडण कुर्ल्याची. मूळचे सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, तेव्हा या देशात मोटारी जोडल्या जात, बनवल्या जात नसत. मुंबईत १९२८ पासून एका अमेरिकन कंपनीचा कारखाना चालू होता, परंतु पेट्यांतून आलेले भाग एकत्र करून मोटार उभी करणे एवढेच त्याचे कार्य होते. ज्यांच्याजवळ टप्प्याटप्प्याने येथेच मोटार घडवण्याची योजना असेल त्यांनाच या व्यवसायाची मुभा असावी, अशी शिफारस टॅरिफ कमिशनने १९५३ साली केली. नुसती जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि देशाची मोटारीची गरज भागवण्याची जबाबदारी मोजक्या देशी कारखान्यांवर येऊन पडली. ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे चार सिलिंडर, त्यांतून मिळणारे १०८९ घनसेंटिमीटरचे आकारमान, स्टिअरिंगच्या खांबाला जोडलेला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मागे कमानीचे पाटे, एवढ्या साध्या सामग्रीवर उभी राहिलेली ही मोटार पुढे 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने शतकाच्या अखेरपर्यंत बनत राहिली. आणि मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस सेवेतून निवृत्त झाली.

माझ्या स्नेह्याचे वडील जुन्या नाशकात वैद्यकीय व्यवसाय करीत. १९४६ साली स्थापन झालेल्या ग्वाल्हेरच्या गजरा राजा वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले होते, आणि आपल्या मोटारीतून एकदा त्या शहरी जाऊन यावे ही त्यांची इच्छा रुग्णांच्या व्यापात राहून गेली. मोटारीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात मिळालेली ही गाडी त्यांनी अखेरपर्यंत स्वतः चालवली, आणि त्यांच्या पश्चात ती गंगापूर रस्त्यावरील घरामागच्या पत्र्याच्या छपरीखाली उभी राहिली. उभे राहणे हे यंत्राला चालण्यापेक्षा अधिक बाधते. तेल तळाशी उतरून सिलिंडरांच्या भिंती कोरड्या पडतात, टाकीतले पेट्रोल आटून त्याची राळ होते, ब्रेकच्या नळ्यांतील द्रव हवेतला ओलावा शोषून आतूनच गंज उत्पन्न करतो, आणि उंदरांना विजेच्या तारांचे आवरण आवडते. बाहेरून पाहता केवळ रंग उडालेली दिसणारी ती गाडी आतून किती अंगांनी खचली होती, हे ती उकलल्यावरच कळले.

उकलण्याचे हे काम मला एखाद्या जुन्या दप्तराचे वाचन करण्यासारखे वाटले. झीज ही यंत्राने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद असते. दुसऱ्या गिअरच्या दात्यांची झीज इतर सर्व गिअरांहून अधिक होती, यावरून भद्रकाली आणि पंचवटीच्या अरुंद गल्ल्यांतून सावकाश हिंडलेल्या वैद्याचे आयुष्य डोळ्यांपुढे उभे राहिले. क्रँकशाफ्टवरील बेअरिंगांच्या पृष्ठभागावर एकही खोल ओरखडा नव्हता, यावरून तेल वेळच्या वेळी बदलले जात असल्याचे सिद्ध झाले. आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर एका कोपऱ्यातच झिजलेले पाहून माझ्या स्नेह्याने, वडील बूट न काढता टाच टेकवूनच ब्रेक दाबीत, असे क्षणाचाही विलंब न लावता सांगितले. अशा प्रत्येक भागाचे माप घेऊन ते एका वहीत उतरवावे, त्याचे छायाचित्र काढावे, आणि मगच तो भाग धुण्यास द्यावा, असा नेम आम्ही ठेवला. कारण रॉकेलने धुतल्यावर भाग स्वच्छ होतो, परंतु त्याची साक्ष पुसली जाते.

जीर्णोद्धारात पहिला वाद असतो तो मूळपणाचा. काय ठेवावे आणि काय बदलावे? केंद्र सरकारने १५ जुलै २०२१ रोजी मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग केला. त्यांच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते, आणि प्रदर्शन, संशोधन, जुन्या मोटारींची मिरवणूक किंवा देखभाल अशा कारणांपुरतेच ते वाहन रस्त्यावर आणता येते. आम्हांला तर अन्य मोटारींप्रमाणे मुक्तपणे प्रवास करावयाचा होता, म्हणून त्या वर्गात न जाता नेहमीच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचा अर्ज दिला, पर्यावरण कर भरला आणि तपासणीसाठी गाडी हजर केली. तथापि कायद्यातील 'मूळ स्वरूप' ही अट मनात राहिली, आणि पुढे घाटात तिचा जो अर्थ मला उमगला तो शोभेशी किंवा संग्राहकाच्या हौसेशी संबंधित नव्हता.

अशी गाडी नाशकात दुरुस्त होऊ शकते, याचे श्रेय या शहराच्या अर्धशतकाच्या औद्योगिक शिक्षणाला आहे. डिझेल इंजेक्टर बनवणारा मायकोचा कारखाना, जो आता बॉश या नावाने चालतो, सातपूरची महिंद्राची मोटारशाळा, ओझरचा विमानांचा कारखाना, आणि या मोठ्या वृक्षांच्या छायेत सातपूर-अंबडला वाढलेले असंख्य लहान लेथवाले आणि ग्राइंडिंगवाले, यांनी मिळून मापाची जाण असलेली माणसांची एक पिढी घडवली. जो भाग बाजारात मिळत नाही तो नमुना पाहून घडवून देणारा टर्नर येथे दोन गल्ल्यांवर सापडतो. सिलिंडर बोअर करून त्यांत ओव्हरसाइझ पिस्टन बसवणे, क्रँकशाफ्ट घासून घेणे, किंगपिनचे बुश रीमरने मापात आणणे ही कामे शहरातच झाली. जे मिळाले नाही त्यासाठी आम्ही कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावरील जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. आयुष्यभर मुंबईकरांना वाहून नेऊन मोडीत निघालेल्या टॅक्सींचे काही अवयव तेथून नाशकास आले आणि त्यांनी या गाडीत पुन्हा सेवा पत्करली.

इंजिनाचे काम पाहणारे मिस्त्री वयाने माझ्याहून वडील होते, आणि नाशकातल्याच द्वारका भागाच्या आसपास त्यांचे गॅरेज होते. या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असते; ते हलके असते, उष्णता लवकर सोडते, परंतु एकदा जरी पाण्याविना तापले तरी वाकते. मिस्त्रींनी हेडच्या पालथ्या पृष्ठभागावर पोलादी पट्टी आडवी-तिडवी ठेवून तिच्याखालून फीलर गेज सरकवण्याचा प्रयत्न केला, कोठे फट सापडते हे खडूने नोंदले, आणि ते सपाट करून आणल्याशिवाय पुढची गोष्ट काढू दिली नाही. हेडचे नट मधून बाहेरच्या दिशेने, ठरलेल्या क्रमाने, थोडे थोडे करून आवळावयाचे, आणि इंजिन प्रथम तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा तोच क्रम पाळावयाचा, हे त्यांनी हाताखालच्या मुलाकडून माझ्यासमोर म्हणवून घेतले. व्हॉल्व्ह पेस्टने घासून बसवणे, टॅपेटची फट मोजणे, डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट साफ करून ठिणगीची वेळ जमवणे ही कामे ते ज्या तन्मयतेने करीत, ती पाहताना या ज्ञानाचा वारसा कोठे लिहून ठेवला आहे का, हा प्रश्न मला वारंवार पडे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र मी कोणाचीही भीड धरली नाही. या मोटारीत चारही चाकांच्या ब्रेकला द्रव पुरवणारा मास्टर सिलिंडर एकच, आणि त्याचा मार्गही एकच असतो. आधुनिक गाडीत एक मार्ग फुटला तरी दुसरा शाबूत राहतो, येथे एक नळी फुटली की चारही चाके निराधार होतात. म्हणून जुनी नळी चांगली दिसते एवढ्यावरून ती ठेवू नये असे मी ठरवले. सर्व धातूच्या नळ्या नव्या घातल्या, लवचीक नळ्या बदलल्या, चाकांच्या सिलिंडरांतील रबरी कप नवे बसवले, ड्रम लेथवर चढवून त्यांचा लंबवर्तुळाकार दोष काढला, आणि पायपट्टी दाबून ठेवून, इंजिन बंद असताना, ती हळूहळू खाली सरकते का हे दीर्घकाळ पाहिले. पत्र्याच्या कामाविषयी फार लिहिण्याची गरज नाही. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, पुटी कमीत कमी ठेवली, आणि रंग मूळचाच फिकट राखी दिला.

याहून गंभीर विषय इंधनाचा होता. ही गाडी जन्मली तेव्हाच्या पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि त्याच्या थरामुळे निकासाच्या व्हॉल्व्हची बैठक झिजण्यापासून वाचे. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, तेव्हा व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या आहेत की नाहीत याची खातरजमा करणे भाग पडले. पुढे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले. इथेनॉल पाण्याला आपल्याकडे ओढते, टाकीतील जुनी राळ विरघळवून ती कार्बोरेटरच्या बारीक जेटांत नेऊन अडकवते, आणि त्या काळच्या रबराला व बुचाच्या गॅस्केटला ते मानवत नाही. पेट्रोल पंपाच्या पडद्याचे रबर फुगून मऊ झालेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. म्हणून पंपाचा पडदा, सर्व नळ्या आणि गॅस्केट इथेनॉल सोसणाऱ्या नव्या रबराच्या घातल्या. वालचंदांनी १९३३ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे, साखरेचा उद्योग उभारला आणि त्यानंतर अकरा वर्षांनी मोटारीच्या कंपनीची स्थापना केली. आज उसाचा अंश इथेनॉलच्या रूपाने त्यांच्याच मोटारीच्या टाकीत येऊन पोहोचला आहे, आणि या दोन उद्योगांचा मेळ घालण्याचे काम रबराच्या एका लहानशा चकतीवर येऊन ठेपले आहे, हा विचार मला त्या दिवशी फार वेळ सोडीना.

गाडी जुळून तयार झाली, इंजिन पहिल्या प्रयत्नात बोलले, शेजारच्या लोकांनी पेढे मागितले. आणि येथून पुढे माझ्या दृष्टीने खऱ्या कार्याला आरंभ झाला. कारखान्यात बनणारे नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी अनेक परीक्षांतून जाते. १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, लष्करी वाहनांसाठी अहिल्यानगरची संशोधन आस्थापना, आणि इंदूरजवळच्या पीथमपूर येथे २०२१ मध्ये खुला झालेला ११.३ किलोमीटरचा वेगवान परीक्षामार्ग, या संस्था त्यासाठीच आहेत. एका गृहस्थाच्या एकुलत्या जुन्या मोटारीला असा मार्ग कोण देणार? परंतु नाशिककराला त्याची उणीव भासू नये, इतकी उदार भूमिरचना निसर्गाने या जिल्ह्याला दिली आहे. धरणाकडे जाणारा सपाट रस्ता, त्र्यंबकचा मंद चढ, पेठ रस्त्यावरील सावळघाटाची वळणे, चांदवडजवळचा राहूड घाट, आणि या सर्वांहून कठोर असा कसारा घाट, हे सारे शहरातून अर्ध्या दिवसाच्या आत गाठता येते. यांची सौम्यापासून कठोरापर्यंत एक चढती श्रेणी आम्ही लावली, आणि एका पायरीवर सापडलेला दोष नाहीसा झाल्याचे त्याच पायरीवर सिद्ध झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जावयाचे नाही असा दंडक घातला.

परीक्षा घेताना माणसाच्या मनात जी इच्छा असते तीच परीक्षेची सर्वांत मोठी शत्रू असते. गाडी चांगली निघावी असे वाटत असल्यामुळे कान बारीक आवाज ऐकण्याचे टाळतात आणि डोळे काट्याची किंचित हालचाल क्षम्य मानतात. यावर उपाय म्हणून प्रत्येक फेरीत एकाने केवळ चालवावे आणि दुसऱ्याने केवळ लिहावे, अशी विभागणी केली. लिहिणाऱ्याने पाण्याचे तापमान, तेलाचा दाब, बॅटरीचे चार्जिंग आणि रस्त्याचा प्रकार यांची ठरावीक अंतराने नोंद करावी, आणि चालवणाऱ्याने ती फेरी संपेपर्यंत पाहू नये. नवे रिंग-पिस्टन सिलिंडरशी जुळेपर्यंत इंजिनाला फार वेगही द्यावयाचा नसतो आणि एकाच वेगाने रेंगाळूही द्यावयाचे नसते, म्हणून गंगापूर धरणाच्या रस्त्यावरील आरंभीच्या फेऱ्या वेग कमी-जास्त करीत झाल्या. त्र्यंबकच्या रस्त्यावर वेग साठाच्या जवळ येताच स्टिअरिंग थरथरू लागे. चाकांचे संतुलन तपासले, पाट्यांचे बोल्ट तपासले, आणि शेवटी किंगपिनच्या एका नव्या बुशातच, मापाच्या मर्यादेत असूनही, दुसऱ्या बाजूहून अधिक मोकळीक असल्याचे आढळले. दोन्ही बाजू सारख्या केल्यावर थरथर थांबली. प्रत्येक भाग आपल्या मापात बरोबर असूनही सर्वांचा मेळ चुकू शकतो, हे निरीक्षण विभागात मी अनेकदा सांगितले होते. त्र्यंबकच्या रस्त्यावर ते तळहातांना जाणवले. रात्रीच्या फेरीत दुसरी गोष्ट कळली: या गाडीचा डायनॅमो इंजिन मंद असताना नाममात्रच वीज देतो, त्यामुळे दिवे लावून गर्दीतून सावकाश जाताना बॅटरी आपल्या साठ्यातूनच खर्च करीत राहते. हा दोष नव्हता, मूळ रचनेची ती मर्यादा होती; तिची नोंद वेगळ्या पानावर झाली.

कसारा घाटाची फेरी उन्हाळ्यातच घ्यावी, आणि तीही दुपारी, असा माझा आग्रह होता. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत सुमारे तीनशे मीटरची उंची थोडक्या अंतरात चढावी लागते. येथील लोहमार्ग १८६५ पासून चालू आहे आणि सदतीस फुटांमागे एक फूट असा त्याचा चढ असल्यामुळे आजही आगगाड्यांना मागून जोर देण्यासाठी कसाऱ्यास जादा इंजिने जोडावी लागतात. आमच्या गाडीला असा साहाय्यक मिळणार नव्हता. चढताना पाण्याचा काटा हळूहळू वर गेला, पण थांबला नाही. मिस्त्री मागे बसले होते, ते म्हणाले, "साहेब, दुसऱ्यावर घ्या, रेटू नका, श्वास घेऊ द्या तिला." गिअर उतरवताच इंजिनाचे फेरे वाढले, पंखा व पाण्याचा पंप जलद फिरू लागले आणि काटा स्थिर झाला. इगतपुरीस पोहोचून गाडी बंद केली, चहा घेतला, आणि पुन्हा चालू करावयास गेलो तो इंजिन काही केल्या चालू होईना. पंपावर ओले फडके घालून तो निवल्यावर मात्र ते लगेच चालू झाले. उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होऊन पंपाला ते ओढता येत नव्हते. इथेनॉलच्या मिश्रणाने वाफ होण्याची ही प्रवृत्ती थोडी वाढतेच.

यावर उपाय काय करावा, याविषयी आमच्यात मतभेद झाला. नव्या विजेच्या पंपाचा एक पर्याय पुढे आला, नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा दुसरा आला. मी कंपनीच्या जुन्या दुरुस्ती-पुस्तिकेतील आकृती काढून बसलो, आणि आकृतीतील पेट्रोलची नळी दोन ठिकाणी लहान पकडींनी इंजिनापासून दूर धरलेली दिसली. आमच्या गाडीत त्या पकडी नव्हत्या. पूर्वी कधीतरी कोणा दुरुस्ती करणाऱ्याने त्या काढून ठेवल्या असाव्यात, आणि नळी आपल्या भाराने निकास-नळीच्या बाजूला झुकली होती. पत्र्याच्या त्या दोन क्षुल्लक पकडी घडवून जागच्या जागी बसवल्या, रेडिएटर उकलून त्याच्या नळ्यांत साचलेला क्षारांचा थर सळईने साफ करवला, विहिरीच्या पाण्याऐवजी शुद्ध पाणी आणि कूलंट घातले, आणि तोच घाट, तशाच दुपारी, पुन्हा चढलो. या वेळी काटा दुसऱ्या गिअरची वाट न पाहता स्थिर राहिला, आणि इगतपुरीस थांबून पुन्हा निघताना इंजिनाने कुरकूर केली नाही.

मूळ स्वरूपाचा अर्थ मला येथे उमगला. एखाद्या यंत्राची मूळ रचना ही तिच्या कर्त्यांनी आपल्या काळात विचारलेल्या अनेक प्रश्नांची तपासून पाहिलेली उत्तरे असते. तिच्यातला लहानसा भाग आपल्याला निरर्थक वाटतो, कारण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न त्या भागामुळेच आपल्याला पडत नाही. म्हणून त्या रचनेपासून दूर जाताना आपण कोणता मिटलेला प्रश्न पुन्हा उघडतो आहोत, याचा हिशेब मांडलाच पाहिजे. परंतु जेथे प्रश्नच बदलला आहे, तेथे जुन्या उत्तराला चिकटून राहणे हा मूळपणाचा आदर नाही. रबराचा पडदा आम्ही बदलला, कारण टाकीतले इंधन बदलले होते. पकडी मूळच्याच बसवल्या, कारण उष्णतेचा स्वभाव १९६७ मध्ये होता तोच आजही आहे. या दोहोंतील भेद घरात बसून, केवळ भक्तीने किंवा केवळ नवेपणाच्या उत्साहाने, ठरवता येत नाही. तो घाटच ठरवतो.

उताराची परीक्षा सावळघाटात झाली. सतत दाबल्याने ड्रम तापतो, फुगून अस्तरापासून दूर जातो, अस्तराची पकड सैल होते, आणि पायपट्टी पूर्वीपेक्षा खोल जाऊ लागते. ज्या गिअरमध्ये चढ चढावा त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम या गाडीसाठी अक्षरशः पाळावा लागतो, हे पायपट्टीची खोली मोजून सिद्ध केले. महामार्गाने इंदूरकडून परतताना खलघाटच्या नर्मदा पुलाच्या अलीकडे जो गणेश घाट लागतो, तेथे ब्रेक निकामी होऊन अवजड वाहनांचे भीषण अपघात झाले आहेत. आमच्या परतीच्या प्रवासाची खरी धास्ती त्या उताराचीच होती. शेवटची पायरी म्हणून चांदवड, मालेगाव करीत धुळ्यापर्यंत जाऊन एका दिवसात परत येण्याची फेरी झाली. अहिल्याबाईंच्या रंगमहालाचे चांदवड ओलांडून होळकर-शिंद्यांच्या उत्तरेकडे जाणाऱ्या या जुन्या वाटेवर गाडी तासन्तास एका लयीत चालली; तेलाचा दाब सकाळी होता तोच संध्याकाळी राहिला, आणि वहीच्या त्या पानावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखे काही उरले नाही. निरीक्षकाच्या आयुष्यात कोऱ्या रकान्याएवढा आनंद दुसरा नाही.

या साऱ्या खटाटोपात मिस्त्रींच्या कानाने आणि माझ्या वहीने एकमेकांना अनेकदा दुरुस्त केले. टॅपेटचा आवाज वाढला आहे हे त्यांना मोजमापाआधी कळे. चार्जिंगची घट माझ्या आकड्यांना त्यांच्या आधी कळली. एकाचे ज्ञान देहात मुरलेले, दुसऱ्याचे कागदावर उतरलेले; आणि दोन्ही नसती तर ती गाडी दिसायला देखणी परंतु रस्त्यावर बेभरवशाची झाली असती. मिस्त्रींच्या हाताखालचा मुलगा आता कार्बोरेटर उघडतो, पॉइंट जमवतो, आणि आमची वही वाचून आपल्या मोबाइलमध्ये तिची प्रत ठेवतो. विजेच्या मोटारींच्या या युगात त्या विद्येचा त्याला उपयोग काय, असे कोणी विचारले तर मी एवढेच सांगेन की, दोष शोधताना अंदाज आणि पुरावा यांत भेद करण्याची सवय कोणत्याही यंत्रावर लागली तरी ती प्रत्येक यंत्राला उपयोगी पडते.

प्रवासाचे नियम आम्ही या वहीतूनच काढले आहेत. वेग ताशी साठाच्या आसपास, कारण त्या वेगाला इंजिन आणि ब्रेक दोन्ही निश्चिंत असतात. सूर्यास्तानंतर चालवावयाचे नाही, कारण डायनॅमोची मर्यादा आपल्याला ठाऊक आहे. प्रत्येक मुक्कामी सकाळी, इंजिन थंड असताना, पाणी, तेल आणि ब्रेकचा द्रव पाहावयाचा. सोबत पंपाचा एक जादा पडदा, पंख्याचा पट्टा, पॉइंटचा संच आणि ब्रेकचे कप ठेवावयाचे. गणेश घाट सकाळी, दुसऱ्या गिअरमध्ये, वाहतूक विरळ असताना उतरावयाचा. माझ्या स्नेह्याची इच्छा वडिलांच्या जन्मदिनी, म्हणजे पौषात, ग्वाल्हेरला पोहोचण्याची होती. परंतु त्या दिवसांत उत्तरेत दाट धुके पडते, दिवसाही दिवे लावून मंद चालावे लागते, आणि ते या गाडीच्या विजेला झेपणारे नाही. उन्हाळा कसारा घाटाने नाकारलेला नसला तरी ग्वाल्हेरच्या वैशाखाची गोष्ट वेगळी आहे. म्हणून दिवाळी आटोपल्यावर, कार्तिकाच्या उत्तरार्धात, निघण्याचे आम्ही नक्की केले. वडिलांची तारीख चुकेल, याचे त्यांना वाईट वाटले. परंतु आजाऱ्याच्या प्रकृतीप्रमाणे औषधाची वेळ ठरवणाऱ्या त्या वैद्यांनी स्वतःही हीच तजवीज मान्य केली असती, असे तेच मला म्हणाले, आणि तारखेच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हाताने कार्तिक लिहिला.